खान्देशातल्या जिनिंग संघटनेला खुलं पत्र: सहावा विषय पहिला घ्या

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतले सगळे भाऊ, ताई,
आपली जिनिंग-प्रेसिंग कारखानदार संघटना

सप्रेम नमस्कार.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी होणाऱ्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका परवा व्हॉट्सअॅपवर आली. सहाव्या क्रमांकावर लिहिलंय, ‘संघटनेचे पुढील पाच वर्षांचे धोरण व उपक्रम ठरविणे’. त्याच्या वर हिशेब तपासनिसाची नेमणूक आहे, खाली ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’, आणि त्यानंतर जेवण. म्हणजे पाच वर्षांच्या वाट्याला वीस मिनिटं येणार, तीही खापरावरच्या मांड्यांचा आणि आमरसाचा वास हॉलमध्ये शिरल्यावर.

पंचवीस वर्षं या सभांना येतोय. त्या वीस मिनिटांत काय होतं ते मला पाठ आहे. एक जण म्हणतो आयात शुल्काचं निवेदन द्या, दुसरा म्हणतो वीजबिलाचं द्या, तिसरा म्हणतो दोन्ही एकाच कागदावर घ्या आणि पालकमंत्र्यांची वेळ मागा. टाळ्या पडतात. आठवड्याने पेपरात फोटो येतो. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतात, निवेदन घेणारासुद्धा.

म्हणून या वेळी बोलायचं ते आधीच लिहून पाठवतोय. खुलं अशासाठी, की यातल्या निम्म्या गोष्टी शेतकऱ्यांशी, फिटरांशी आणि दलालांशीही संबंधित आहेत. त्यांनी वाचल्या तर सभेत आपल्याला विषय गुंडाळता येणार नाही. बाहेरच्या वाचकासाठी एवढंच: कापसातून सरकी काढून रुई वेगळी करायची आणि तिच्या गाठी बांधायच्या, हे आपलं काम.

निवेदनांना माझा विरोध नाही. पण ती आपण कशावर देतो ते बघा. 2 फेब्रुवारी 2021 पासून कापसाच्या आयातीवर 11 टक्के शुल्क लागलं. 2022 मध्ये काही महिने ते उठवलं, मग परत लावलं. 19 ऑगस्ट 2025 ला पुन्हा उठवलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत, नंतर 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपल्याकडे दसऱ्या-दिवाळीचा कापूस फाटकाशी यायला लागला, नेमकी त्याच वेळी परदेशी रुई शुल्काविना बंदरात उतरत होती. सूतगिरण्यांना शुल्क नको होतं, शेतकऱ्यांना हवं होतं. आणि आपल्याला? खरं सांगा, ज्यांच्या वखारीत रुई पडून होती त्यांना हवं होतं, ज्यांना खरेदी करायची होती त्यांना नको होतं. संघटनेने दोन उलटी निवेदनं काढली असती तर दोन्हींवर सह्या करणारे सभासद आपल्यातच सापडले असते. अशा प्रश्नावर पाच वर्षांचं धोरण कसं उभं राहणार? तो निर्णय दिल्लीत होतो, आणि तो घेताना तिथे आपला विचार शेवटच्या पानावर असतो.

माझं म्हणणं एका ओळीत मावतं. या वेळच्या आराखड्यात मंत्र्यांकडे मागायचं काहीही लिहू नका, फक्त आपल्या फाटकाच्या आत आपल्या पैशाने करायचं तेवढंच लिहा. मागण्यांचा कागद वेगळा ठेवा, तो दरवर्षी तसाही निघतो.

हे का म्हणतो, त्याला थोडा इतिहास आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खान्देशातही गाड्याच्या गाड्या निघाल्या. भाव आल्यावर जे व्हायचं तेच झालं. कुणी पाणी मारलं, कुणी माती मिसळली, कुणी सरकी भरली. 1863 मध्ये मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. 1925 मध्ये कॉटन जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरीज अॅक्ट आला. आपण गाठीवर प्रेसचा मार्क आणि अनुक्रमांक टाकतो त्याचं मूळ त्या कायद्यात आहे, कुठली गाठ कुणी बांधली ते कळावं म्हणून. आणि 2023 मध्ये केंद्राने गाठींसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, आयएस 12171 या भारतीय मानकाप्रमाणे. आपण ओरडलो, तारीख पुढे गेली, परत ओरडलो, परत पुढे गेली. त्या ओरडण्यात तथ्य होतं. कापूस हे शेतातलं पीक आहे, ओळंब्याने मोजलेली वीट नव्हे. पहिल्या वेचणीचा आणि चौथ्या वेचणीचा कापूस एका मापात बसत नाही. पण 160 वर्षांत तीनदा सरकारला आपल्या दारात का यावं लागलं, हा प्रश्न एकाही सभेत कुणी विचारलेला मी ऐकला नाही.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. तीन वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या एका सूतगिरणीतून मला कुरियरने पाकीट आलं. आत क्लेमची, म्हणजे मालातल्या दोषापायी पैसे कापल्याची नोट, आणि औषधाच्या गोळ्या देतात तसल्या छोट्या पारदर्शक पिशवीत एक निळा धागा. बोटभर लांब, प्लॅस्टिकचा. नोटेत लिहिलं होतं, या गाडीत असे धागे सापडले, खंडीमागे पाचशे रुपये कापत आहोत. शंभर गाठींची गाडी होती. गाठ 170 किलोची, खंडी 356 किलोची, म्हणजे पावणेअठ्ठेचाळीस खंडी. गेले चोवीस हजार. वर त्यांच्या खरेदी अधिकाऱ्याने फोनवर समजावलं की हा धागा मशिनीत पिंजला जाऊन त्याचे शेकडो तुकडे होतात, ते सुतात बसतात, आणि कापड रंगवल्यावर तेवढ्याच जागी रंग चढत नाही. चादरभर ठिपके. सुताला किलोमागे मिळणारा फायदा त्या ठिपक्यांत जातो. तो माणूस चिडलेला नव्हता, कंटाळलेला होता. मला ते जास्त लागलं.

पिशवी खिशात घालून मी फाटकावर गेलो. रांगेत पहिल्याच ट्रॅक्टरवर निळी ताडपत्री. उन्हाने काठ फाटलेले, धागे सुटून लोंबत होते, वाऱ्याने कापसात पडत होते. मी त्या शेतकऱ्याला पाकिटातला धागा दाखवला आणि जरा आवाज चढवला. त्याने शांतपणे ताडपत्रीचं दुसरं टोक उलटून दाखवलं. “शेठ, हाई ताडपत्री तुमनीच शे.” त्यावर माझ्या जिनचं नाव, फोन नंबर आणि ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’. त्याच्या दोन वर्षं आधी आम्हीच दोनशे वाटल्या होत्या.

हसू नका. तुमच्यातल्या किती जणांनी वाटल्या तेही मला माहीत आहे. गोणी खताची, गोणीचं तोंड बांधायला सुतळी, वर ताडपत्री आपली. वेचणारी बाई कमरेच्या ओटीत कापूस गोळा करते, ओटी बहुतेक जुन्या साडीची, नायलॉनची. त्यात तिचे केस, पानकाडी, गुटख्याच्या पुडीचा तुकडा. आणि मग आपण सेमिनारमध्ये म्हणतो की भारतीय कापसाला जगात किंमत मिळत नाही. चोवीस हजारांत ऐंशी रुपयांच्या हिशेबाने तीनशे सुती ओट्या शिवून झाल्या असत्या.

आराखड्यातलं पहिलं काम इथे आहे, आणि ते एकट्या-दुकट्याने होणारं नाही. मी यंदा दीडशे सुती ओट्या आणि चाळीस सुती पाल वाटून बघितले. पन्नासेक शेतकऱ्यांनी त्यातच कापूस आणला, पांढराशुभ्र, बघून बरं वाटलं. मी क्विंटलमागे थोडे जास्त दिले. पण उरलेल्यांनी विचारलं, शेजारच्या जिनवर गोणीतल्या कापसाला तोच भाव मिळतो, मग आम्ही ओटी कशाला जपायची? त्यांचं बरोबर आहे. हमीभावाच्या तक्त्यातही स्वच्छतेला वेगळा रकाना नाही. 2025-26 ला मध्यम धाग्याला 7,710, लांब धाग्याला 8,110, आणि ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की कपात, 12 च्या वर गेला की खरेदीच नाही. केस, सुतळी, प्लॅस्टिक यांचा हिशेब कुठेच नाही.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर सभेत कुणीतरी उठून म्हणेल, चला मग सगळे मिळून भाव ठरवू. ते करता येत नाही. 2002 च्या स्पर्धा कायद्यात व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन भाव बांधायला मनाई आहे, आणि व्यापारी संघटनांना त्यातून सूट नाही. भाव ज्याचा त्याने ठरवायचा. पण प्रतीचा मापदंड एकत्र ठरवायला कुणी अडवलेलं नाही. प्रत्येक फाटकावर एकच तक्ता लागू दे: सुती पालातला कापूस, गोणीतला कापूस, कवडी (अळीने खाल्लेला, डागाळलेला कापूस) असलेला, ओला. कुठल्या रकान्याला किती द्यायचे ते प्रत्येक जिनवाल्याचं स्वतःचं गणित. शेतकऱ्याला निदान कळेल की आपण कुठल्या रकान्यात बसतो आणि का. आज काय होतं? ग्रेडर मूठभर कापूस ओढतो, दातात सरकी फोडतो, मान हलवतो आणि आकडा सांगतो. ग्रेडरचा हात चांगला असतो, त्याबद्दल शंका नाही. पण तो काय बघतो ते समोरच्याला कधीच कळत नाही, आणि गावात जाऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याचं सगळं दुकान याच न कळण्यावर चालतं.

‘कस्तुरी कॉटन भारत’चंही असंच. 7 ऑक्टोबर 2020 ला केंद्राने भारतीय कापसाचा ब्रँड म्हणून ‘कस्तुरी कॉटन’ हे नाव जाहीर केलं. गाठीवर क्यूआर कोड, शेतापासून गिरणीपर्यंत माग, ठरलेल्या प्रतीची रुई. आपण त्यावर दोन कार्यशाळा घेतल्या, दोन्हींत नाश्ता उत्तम होता. पण क्यूआर कोड चिकटवून ताडपत्रीचा धागा जात नाही. ओटी आधी, कोड नंतर.

दुसरी गोष्ट बोलायला जास्त अवघड आहे, कारण ती आपल्या पोटावर येते. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेली कपाशी.

बोंडअळीबद्दल शेतकऱ्यांना आपण खूप सांगतो. कृषी विभागाच्या पत्रकांवर संघटनेचं नावही छापतो. पण गुलाबी बोंडअळी उन्हाळा काढते कुठे? सरकीत, दोन सरक्या चिकटवून त्यांच्या पोटात. आणि सरकी असते कुठे? आपल्याकडे. डिसेंबरनंतर पाणी देऊन ठेवलेल्या कपाशीचा कापूस फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या फाटकावर येतो, पिवळट, अळीने खाल्लेला, आणि आपण तो घेतो, कारण तेव्हा दुसरा कापूस नसतो आणि बॉयलरसूटमधली पंधरा माणसं बसून पगार घेत असतात. मग ती सरकी एप्रिल-मेपर्यंत ढिगात पडते. चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात विहिरीच्या पाण्यावर मान्सूनपूर्व कपाशी उभी राहते, तेव्हा पहिले पतंग जातात कुठून, याचं उत्तर आपल्याला माहीत आहे. जिनच्या आवारात कामगंध सापळे (पतंगांना वासाने ओढणारे) लावा असं सांगितलं जातं. माझ्याकडे लावले होते. पहिल्या आठवड्यात सापळ्याची पिशवी भरली. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी त्याची दोरी गाठीचं कापड बांधायला नेली.

माझी सूचना अशी: फरदडीच्या कापसाला आपापलं फाटक कधी बंद करायचं ते प्रत्येकाने स्वतः ठरवून दसऱ्यालाच फाटकावर लिहावं, म्हणजे शेतकऱ्याला आधीपासून माहीत असेल. सरकी कुठल्या महिन्यापर्यंत तेलघाणीला गेलीच पाहिजे तेही ठरवून घ्यावं. यातून आपले हंगामाचे तीन आठवडे जातील. ज्यांची जिन बँकेच्या हप्त्यावर उभी आहे त्यांना हे जड जाणार, मला जाणीव आहे, माझीही त्यातलीच. पण बांधाबांधावर मका वाढतोय तो कुणाला दिसत नाही असं नाही. शेतकरी कपाशी सोडतोय त्यात भावाचा वाटा आहे, वेचणीच्या मजुरीचा आहे, आणि अळीचा आहे. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. तिसरीत आपला हात आहे.

आता आकडे. आराखडा करायचा म्हणता, तर आपल्याकडे पाया काय आहे? आपल्या सगळ्या सभासदांनी मिळून गेल्या हंगामात किती कापूस पिंजला, कुणाला माहीत आहे? कुणालाच नाही. विचारलं तर प्रत्येक जण निम्मा सांगतो, आणि ऐकणारा दुप्पट धरतो. चोपडा-शिरपूरकडचा किती कापूस सेंधव्याला गेला, नंदुरबार-नवापूरकडचा किती गुजरातेत गेला, हे आपण चहावर बोलतो, कागदावर कधी आणत नाही. मग ‘तालुक्यात आणखी जिन नकोत’ असा ठराव करतो, तो कशाच्या जोरावर?

तेव्हा सभेला येताना प्रत्येकाने एक बंद पाकीट आणावं, नाव न घालता. आत तीन आकडे: जिन किती दिवस चालली, किती क्विंटल कापूस आला, किती गाठी बांधल्या. पाकिटं उघडायची कुणा तिसऱ्याने, विद्यापीठातल्या वाणिज्य शाखेच्या एखाद्या प्राध्यापकाला बसवा, नाहीतर निवृत्त बँक मॅनेजर शोधा. त्याने बेरीज आणि सरासरी सांगायची, पाकिटं फाडून टाकायची. कुणाचा आकडा कुणाला कळणार नाही, आणि कायद्याचीही भीती नाही.

सुरुवात मी करतो, तीही उघड्यावर. माझे चोवीस डीआर (डबल रोलर) जिन आहेत. गेल्या हंगामात 96 दिवस चालले. 41,000 क्विंटल कापूस आला, 8,150 गाठी बांधल्या. भागाकार करून बघा, उतारा, म्हणजे कापसातून निघालेली रुई, 34 टक्क्यांच्या जरा खाली येतो. पाच क्विंटलला एक गाठ म्हणतात, त्याच्या आसपास. 96 दिवस. उरलेले 269 दिवस शेड, प्रेस, भुईकाटा, ट्रान्सफॉर्मर आणि वॉचमन हे सगळे उभे. महावितरणच्या दरपत्रकात आपण हंगामी ग्राहकांत मोडतो, म्हणून थोडं तरी बरं. पण व्याजाला हंगाम नसतो.

हा आकडा पुढे ठेवला की पुढचं बोलणं वेगळं होतं. आपल्याकडे जिन कमी नाहीत, दिवस कमी आहेत. म्हणजे आणखी डीआर बसवायला अनुदान मागणं बंद करा. 2000 साली केंद्राचं टेक्नॉलॉजी मिशन ऑन कॉटन आलं तेव्हा त्याची गरज होती. त्याआधी डोक्यावर टोपल्या घेऊन बायका कापूस जिनपर्यंत वाहायच्या, रुई मातीच्या जमिनीवर पडायची. मिशनच्या चौथ्या भागातून आपण फरशी केली, कन्व्हेअर घेतले, प्रेस बदलले. आपल्या पिढीने केलेलं तेच एक मोठं काम, आणि ते नीट झालं, कारण अनुदानाला अटी होत्या: फरशी नाही तर पैसा नाही. आता ती यंत्रं पंधरा-वीस वर्षांची झाली. पण त्यांना बदलण्याआधी त्यांना नीट चालवणारी माणसं संपत आलीत, तिकडे बघा.

माझा फिटर साठीला आला. जिनमधून पडणारी सरकी तो मुठीत घेतो, अंगठ्याने फिरवतो आणि सांगतो की सात नंबरचा रोलर गुळगुळीत झालाय, खाचा पाडा, सरकीवर रुई जातेय. मी त्याच मुठीतली सरकी बघतो, मला काही दिसत नाही. त्याचा मुलगा पुण्यात मोटारीच्या कारखान्यात आहे. तुमच्याकडेही फार वेगळं नसणार, कारण एकच चांगला फिटर आपण पाच जण हंगामात एकमेकांकडून पळवतो. नागपूरला सिरकॉट या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. दरवर्षी आपल्याकडची दहा पोरं ऑगस्टमध्ये तिथे पाठवायची, खर्च संघटनेचा, पोरांनी दोन हंगाम याच भागात काम करायचं. शाल-श्रीफळ आणि स्मरणिकेवर गेल्या वर्षी जे गेलं त्यात हे भागेल. हिशेब तपासनीस पाचव्या क्रमांकावर आहेतच, त्यांना विचारा.

आगीचंही असंच एकत्र करण्यासारखं. कापसात एखादा खडा किंवा बोल्ट आला, बिटरवर ठिणगी उडाली, आणि ती रुईबरोबर आत गेली, की गंजी वरून विझलेली दिसते आणि आतून धुमसत राहते. गाठीत तर दोन-दोन दिवसांनी धूर निघतो. बंब तालुक्याहून येईपर्यंत जे व्हायचं ते होतं. एमआयडीसीच्या बाहेर पाच-सहा जिन मिळून एक टँकर आणि पंप ठेवणं फार नाही. यावर जास्त लिहीत नाही, ज्यांच्याकडे आग लागली आहे त्यांना एवढं पुरे.

सीसीआयबद्दल, म्हणजे केंद्राच्या भारतीय कापूस महामंडळाबद्दल, मात्र थोडं सविस्तर. 2024-25 ला सीसीआयने देशभरात सुमारे 100 लाख गाठींचा कापूस घेतला, म्हणजे देशाच्या पिकाचा तिसरा हिस्सा. त्यातला आपल्याही जिनवर आला. पिंजाईचे पैसे ठरलेले, भावाची जोखीम नाही, रात्री झोप लागते. मलाही लागली. पण माझे वडील आठवतात. 1972 पासून राज्यात एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस फक्त सरकारने घ्यायचा. त्यांची जिन वर्षानुवर्षं सरकारी कापसावर चालली. ते म्हणायचे, आपण जिनवाले नाही, आपल्याच जिनचे भाडेकरू. एकाधिकार गेला तेव्हा खान्देशातल्या अर्ध्याअधिक जिनवाल्यांना कापूस विकत घेता येत नव्हता, रुईचा ग्राहक माहीत नव्हता, प्रत कशी सांगायची ते येत नव्हतं. तीस वर्षांत हात गेला होता. सूतगिरण्यांशी परत ओळख करायला दहा वर्षं लागली. आज पुन्हा आपण टेंडरच्या दरावर भांडतो आणि गिरणीच्या खरेदी अधिकाऱ्याचा फोन उचलायला कंटाळतो. सीसीआयचं काम करा, मीही करणार. पण आराखड्यात लिहा की वर्षाला निदान एवढ्या गाठी आपण स्वतःच्या मार्कवर, स्वतः तपासून, स्वतः विकणार. रुईची प्रत यंत्रावर मोजणाऱ्या एचव्हीआय चाचणीला एकेकट्याने नमुने पाठवणं महाग पडतं, एकत्र पाठवले की परवडतं. धाग्याची लांबी, मायक्रोनेअर (तंतूची जाडी), ताकद, कचरा, हे चार रकाने ज्याच्या गाठीबरोबर जातात त्याला दलालाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

रिकाम्या महिन्यांबद्दल एकच सुचवतो, बाकीच्या कल्पना सभेत निघतील. रब्बीचा मका एप्रिल-मेमध्ये निघतो. तो वाळवायला जागा नाही म्हणून शेतकरी डांबरी रस्त्यावर पसरतो, त्यावरून गाड्या जातात. आपली आवारं तेव्हा फरशी घातलेली, रिकामी, भुईकाट्यासकट. ज्या मक्याने आपला कापूस खाल्ला त्याच मक्याने वॉचमनचा पगार काढला तर वाईट काय? हंगामाआधी आवार धुऊन घ्यावं लागेल, नाहीतर पुढच्या क्लेमच्या पाकिटात मक्याचा दाणा यायचा.

तेव्हा विनंती अशी. सहावा विषय पहिला घ्या, जेवणाच्या आधी दोन तास तरी ठेवा, आणि व्यासपीठावरचे सत्कार यंदा एका ओळीत उरका. आपल्याकडे आखाजीला सालदाराचं साल ठरतं. किती धान्य, किती पैसे, कपडे किती, सुट्टी कधी, सगळं त्याच्या तोंडावर बोलून. संघटनेचंही साल तसंच ठरू द्या, आणि पुढच्या आखाजीला तोच कागद काढून वाचा.

माझे तीन आकडे वर लिहिलेच आहेत. तरी मी पाकीट आणणार आहे. त्यात चौथा आकडा असेल, गेल्या पाच वर्षांत मला किती क्लेम लागले त्याचा. तो इथे लिहायची हिंमत झाली नाही.

आपला,
धरणगाव-एरंडोल रस्त्यावरचा एक चोवीस डीआरवाला सभासद